उभं जनावर

बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं दोराचे वेढे घालून मागून ओढायचं, दुसऱ्यानं शिंगं धरून मान वळवायची. बैल गुडघ्यांवर येतो, मग कुशीवर कलंडतो. कलंडला की चारी पाय एकत्र बांधायचे, दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फाट्यांच्या, लाकडावर टेकवायचे आणि खूर तासून पत्र्या ठोकायच्या. बैलाचा खूर मधोमध फाटलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. एकट्यानं हे करून बघणारे शहाणे पूर्वी होऊन गेले. त्यांच्यातल्या कुणाचे दात तर कुणाच्या बरगड्या जागेवर राहिल्या नाहीत.

या नालबंदाच्या घरात शिंगांकडे तो स्वतः असायचा आणि दोराकडे त्याची थोरली मुलगी. बारा वर्षांची असताना तिनं पहिला बैल पाडला, तेव्हापासून गावात तिचं नाव दोरवाली पडलं होतं. घरात मात्र ती थोरलीच. आई भाता मारायची, पत्र्या तापवून द्यायची, पण बैलापासून चार हात लांब राहायची. लहानपणी तिला एका खोंडानं गोठ्याच्या भिंतीशी दाबून धरलं होतं, ती भीती अंगातून गेली नव्हती.

आणि आता थोरली निघाली होती शिकायला. तेही असल्या देशात, की ज्याचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तिला एकदा म्हणाले होते की जनावराच्या पायातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, वरचं तेवढं शिकून घे. ते वाक्य तिनं मनात धरून ठेवलं. इथल्या कॉलेजात जागा मिळाली नाही. मग मास्तरांनी कुठून तरी शोधून काढलं की तिकडे, डोंगरांच्या पलीकडे, माणसांइतकेच घोडे असलेला एक देश आहे, आणि तिथे जनावरांच्या डॉक्टरकीला बाहेरच्या मुलांची फी माफ असते. अर्ज गेला, पत्र आलं. मग अख्खं गाव देश बघायला शाळेत जमलं. मास्तरांनी भिंतीवरचा नकाशा काढला, तर नेमकी तिथेच नकाशाची घडी होती आणि घडीवर कागद विरून भोक पडलं होतं.

"म्हणजे पोरगी भोकात चालली," सुतार म्हणाला, आणि मास्तरांसकट सगळे हसले.

नालबंद हसला नाही. तो नकाशाजवळ गेला, भोकाच्या कडेला बोट फिरवलं आणि विचारलं, तिथे जमीन कशी आहे, दगडी की भुसभुशीत. मास्तरांना ते माहीत नव्हतं. नालबंदाला वाईट वाटलं, कारण जमीन कळली की जनावराचा पाय कळतो, आणि पाय कळला की त्याच्या मते सगळंच कळतं. त्याला प्रश्न विचारायची खोडच होती. उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न घरी घेऊन यायचा आणि जेवताना बायकोला विचारायचा.

एक प्रश्न मात्र घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. पावसाळा संपून रस्ते कडक झाले की गाड्या बाहेर पडतात आणि पत्र्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षाची कमाई त्या अडीच महिन्यांत. दोर कोण ओढणार? धाकटी अजून पहिलीत होती. दोन वर्षांपूर्वी एका बैलानं नालबंदाच्या कमरेत लाथ घातली होती. तेव्हापासून त्याला वाकता यायचं, बसता यायचं, पण ओढता येत नव्हतं.

शेवटी थोरलीनंच विषय काढला. "हंगामाला माणूस नाही मिळाला तर मी परत येईन. आत्ताच सांगते. मग कुणी मला थांबवायचं नाही."

"मिळेल माणूस," नालबंद म्हणाला.

"नाही मिळाला तर?"

"तर ये," तो म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमायचं नाही. थोरलीला बरं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण गावातली सगळी माणसं तिला ठाऊक होती आणि त्यांतलं कोण दोराला हात लावेल हेही ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी नालबंदानं जुना लांब दोर काढला. हातात घेऊन घेऊन तो तुळतुळीत झाला होता. मधोमध धरून त्यानं तो तासणीनं कापला आणि अर्धा तिला दिला. वर आपली धाकटी तासणीही दिली. नालबंदानं आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात सोडायचं नाही, झोपतानासुद्धा उशाशी ठेवायचं, अशी त्या घराची रीत. म्हणून आईनं कपडे मोठ्या बॅगेत घातले आणि हत्यारं हातातल्या पिशवीत.

विमानतळावर व्हायचं तेच झालं. पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. गणवेशातल्या बाईनं तासणी दोन बोटांत धरून वर केली. थोरली म्हणाली की हे खूर तासायचं आहे. मागच्या रांगेतला एक सुटाबुटातला माणूस आपल्या बायकोच्या कानात काहीतरी बोलला आणि ती हसली. तासणी एका प्लॅस्टिकच्या डब्यात गेली. त्यात नखं कापायच्या कात्र्या आणि बाटल्या पडल्या होत्या. मग बाईनं दोर काढला, उलगडला, पुन्हा उलगडला.

"हा कशाला?"

"बैल पाडायला."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगकाठी कुठे बैल पाडण्यासारखी दिसत नव्हती. पण दोर नेऊ नये असं कुठे लिहिलेलं नसावं. तिनं तो गुंडाळून परत दिला. थोरलीचे कान लाल झाले होते. तासणी गेली याचं दुःख होतंच, पण ती अशी डब्यात टाकली गेली याचं जास्त होतं. बाबांना कळलं असतं तर तो त्या डब्याजवळच बसून राहिला असता.

विमान पळायला लागलं तेव्हा मात्र ती सगळं विसरली. बैल पडायच्या आधी दोर ताणतो, ताणतो, आणि एका क्षणी हातातलं वजनच जातं. तसंच झालं. जमीन सुटली. शेजारच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या, थोरलीनं कपाळ काचेला लावलं ते चार तास काढलं नाही. खालून नद्या गेल्या, मग नुसती पिवळी जमीन, त्यात एक सरळ रेघ. रस्ता असणार. त्या रस्त्यावरून कोणतं जनावर चालत असेल आणि त्याच्या पायात काय असेल, हा प्रश्न तिला पडला. म्हणजे बापाची खोड तिच्यात उतरली होती.

मध्ये नऊ तासांचा मुक्काम होता. काचेच्या एका प्रचंड इमारतीत जमीनच सरकत होती. माणसं तिच्यावर नुसती उभी राहायची आणि पुढे जायची. थोरलीनं चार वेळा ती पट्टी समोरून जाऊ दिली, पाचव्यांदा धीर करून पाय टाकला, आणि मग सात वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आठव्यांदा झाडूवाल्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा ती जाऊन खुर्चीत बसली.

दुसऱ्या विमानातून डोंगर दिसले. असे डोंगर तिनं पाहिले नव्हते. वर बर्फ, त्याच्यावर आणखी बर्फ, आणि कुठेही एक घर नाही. ती पहिल्यांदा घाबरली. इतक्या सगळ्यांच्या पलीकडे गेल्यावर हाक मारली तर कुणाला ऐकू जाणार?

पण पलीकडे गेल्यावर दिसलं की तिथेही रस्ते आहेत, रस्त्याच्या कडेला सरळसोट झाडांच्या रांगा आहेत, घराबाहेर धुणं वाळत घातलेलं आहे. वसतिगृहाच्या जिन्याला हिरवा रंग इतके थर दिलेला होता की पायऱ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. भिंतीतून लोखंडी नळ्या जायच्या, त्यातून गरम पाणी, त्यामुळे खोली उबदार. त्या नळ्यांवर मोजे वाळत घालायचे हे तिला खोलीतल्या मुलीनं शिकवलं. ती मुलगी तिथलीच, मेंढपाळाची, बोलायला फटकळ आणि मनानं चांगली. थोरलीनं दोर उशाशी ठेवला तेव्हा तिनं विचारलं की हा फाशी घ्यायला आहे का. थोरलीला शब्द कळायला दोन दिवस लागले. मग तिनं खुर्ची पाडून दाखवली. तेव्हापासून त्या मुलीला आपली खुर्ची सांभाळावी लागत होती.

दर आठवड्याला दुपारी घरी फोन व्हायचा. बाबांचे प्रश्न संपत नसत. थंडीत घोड्याच्या खुराला भेगा जातात का? तिकडे गाड्या आहेत का? माती मुठीत घेतली तर गोळा होते की सुटते? थोरली मूठभर माती खोलीत घेऊन आली आणि फोनसमोर दाबून दाखवली. त्याचे प्रश्न झाले की तिचा एकच असायचा.

"माणूस मिळाला?"

"मिळेल."

महिन्याभरानं पहिलं प्रात्यक्षिक आलं. शिकवणाऱ्या बाई उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज पहाडी. अंगणात एक तांबडी घोडी खुंट्याला बांधलेली. बाईंनी विचारलं, आधी कुणी जनावराच्या पायाला हात लावलाय का? तीस मुलं एकमेकांकडे बघू लागली. थोरलीनं हात वर केला, आणि याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाई म्हणाल्या, मग हिच्या मागच्या पायाचा खूर बघ आणि काय झालंय ते सांग.

आता खूर बघायचा म्हणजे जनावर पाडायचं, याबद्दल थोरलीच्या मनात काडीची शंका नव्हती. जन्मापासून तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. दोर पिशवीत होताच. कुणाला काही समजायच्या आत तिनं तो घोडीच्या गळ्यातून घेतला, पुढच्या पायांमागून एक वेढा, पोटाला दुसरा, आणि टाच रोवून ओढला. बैल अशा वेळी जरा विचार करतो आणि बसतो. घोडी विचार करत बसली नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली, खुंटा उपटला, पाण्याची बादली उडवली, कुंपणाची एक फळी मोडली आणि दोर लोंबत ठेवून अंगणाच्या पार टोकाला गेली. मुलं भिंतीला चिकटली. थोरली चिखलात बसली होती.

घोडीला धरून आणलं. तिचं गुडघ्याजवळ खरचटलं होतं. बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"हिचा पाय मोडला असता," त्या म्हणाल्या. "घोडा पाडायचा नसतो. घोड्याकडे पाय मागायचा असतो."

शिक्षा अशी झाली की दीड महिना तिनं जिवंत जनावराला हात लावायचा नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी कॉलेजच्या नालबंदाची शेड झाडायची. मुलं हसत होती. खोलीतली मुलगी मात्र हसली नाही, तिनं मुकाट्यानं थोरलीची चिखलाची पँट नळीवर वाळत घातली.

तिथला नालबंद म्हातारा होता, बुटका, पाय धनुकलीसारखे वाकलेले, कमरेला पुढून बांधलेलं चामडं. पहिले चार दिवस त्यानं तिला नुसता झाडू दाखवला. ती झाडत होती आणि बघत होती. तो घोड्याच्या खांद्याशी उभा राहायचा, हात खांद्यावरून पायावर, पायावरून खाली घसरवत न्यायचा, अंगानं जरा रेलायचा, आणि घोडा आपण होऊन पाय उचलून त्याच्या हातात द्यायचा. तो पाय गुडघ्यांत धरून म्हातारा एकटाच तासायचा, एकटाच ठोकायचा. पलीकडे कुणी नाही, दोर नाही, आरडाओरडा नाही. थोरलीचा झाडू थांबायचा.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्याला तो दोर बघायचा होता. घोडीचा किस्सा त्याच्यापर्यंत गेलाच होता. थोरली लाजली, पण तिनं शेडमधल्या लांब बाकाला वेढे घालून दाखवले. म्हाताऱ्यानं वेढे सोडले, पुन्हा स्वतः घातले, चुकला, पुन्हा घातले. मग बाक आडवा पडल्यावर तो इतका हसला की त्याला खोकला लागला. त्या दिवसापासून तो तिला खिळे उचलून द्यायला सांगू लागला, आणि तिला आपल्या भाषेतले शब्दही देऊ लागला. टाच, पुढा, तासणी, थांब.

फोनवर तिनं बाबांना सगळं सांगितलं, चिखलात बसल्याचंही. तासणीचं सांगितलं नाही. बाबांनी आधी घोडीच्या गुडघ्याची चौकशी केली.

"एकटाच ठोकतो म्हणतेस?"

"एकटाच."

"आणि घोडा उभा?"

"उभा."

"का उभा राहतो तो?"

 दुसऱ्या दिवशी तिनं मोडक्यातोडक्या शब्दांत हेच म्हाताऱ्याला विचारलं. त्याला प्रश्नच आवडला. हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, त्याच्याकडे आणखी तीन पाय आहेत म्हणून. हे उत्तर तिनं घरी कळवलं, आणि तिथेच चुकलं. कारण नालबंदानं त्यावर दोन दिवस विचार केला आणि म्हणाला की तीन तर बैलाकडेही आहेत.

हंगाम तोंडावर आला होता. एक माणूस मिळाला होता, तो पहिला बैल फुरफुरल्यावर चप्पल सोडून पळाला. दुसरा आला, तो दोर ओढायच्या आधी दर वेळी तंबाखू मळायचा आणि मळून होईपर्यंत बैल वेढ्यांतून बाहेर आलेला असायचा. मग नालबंदानं आपला प्रयोग केला. उभ्या बैलाचा मागचा पाय उचलून त्यानं गुडघ्यांत धरला. बैलानं पाय दिलाही. पण आपलं निम्मं वजनही त्याच्याबरोबर दिलं. नालबंद खाली आणि त्याच्या पावलावर बैल. अंगठा काळानिळा झाला.

हे थोरलीला कुणी सांगितलं नाही. पुढच्या फोनला बाबा बसूनच बोलत होता, एवढंच तिच्या लक्षात आलं. मग फोन आईकडे गेला. आईनं तो डाव्या हातात धरला. आई कधी डाव्या हातानं काही करत नाही.

"उजवा हात दाखव," थोरली म्हणाली.

"भाजला जरा. भात्यापाशी."

"आई, दाखव."

आईनं दाखवला. तळव्याला कापड गुंडाळलं होतं. कापडाच्या कडेनं जे दिसत होतं ते भाजलेलं नव्हतं. दोर हातातून सुटून घसरला की तळव्याची कातडी कशी निघते, ते थोरलीनं स्वतःच्या हातावर तीनदा पाहिलं होतं. बैलापासून चार हात लांब राहणारी आई दोर ओढत होती.

"किती बैल झाले?" तिनं विचारलं.

"सात," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. त्यानं थोरलीला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि परत जायचं झालं तर कागद कोणते लागतात ते विचारून आली. शेडमध्ये आली तेव्हा म्हातारा तासत होता. तिनं झाडू घेतला, पण एकच जागा झाडत राहिली. म्हाताऱ्यानं घोड्याचा पाय खाली ठेवला. घोडं कुठे अडलंय, असंच काहीसं त्यानं त्याच्या भाषेत विचारलं असणार. शब्द पुरेनात म्हणून तिनं खडूनं फरशीवर बैल काढला. बैलाच्या शिंगांशी माणूस काढला. शेजारी एक बाई, हातात दोर. बाईच्या हाताला कापड.

म्हातारा चित्राभोवती एक फेरी फिरला. बैलाच्या पोटावर बोट ठेवून म्हणाला, हा घोड्यासारखा उभा राहत नाही, हा रेलतो. मग त्यानं तिच्या बाहीला धरून शेडच्या मागे नेलं.

मागे, ती रोज जिथे कचरा टाकायला जात होती त्याच्या दहा पावलांवर, चार जाड खांब उभे होते. बाजूंना आडव्या दांड्या, पुढे मान अडकवायला फट. थोरलीनं ते कितीदा पाहिलं होतं, ओल्या गोण्या वाळत घालायची जागा समजून. काखेत कळसा म्हणतात तो हाच. म्हाताऱ्यानं गोण्या बाजूला केल्या. खांबांच्या मधून, पोटाच्या उंचीला, हातभर रुंद चामड्याचा पट्टा होता, आणि एका बाजूला तो गुंडाळायचा लाकडी रहाट. त्यानं रहाट दोन वेढे फिरवला. पट्टा वर आला, ताठ झाला. मागच्या बाजूला पाय बांधायला एक आडवं लाकूड. बैल आत घ्यायचा, पट्टा ताणायचा, त्याचं वजन पट्ट्यावर. मग त्याला रेलायचं तेवढं रेलू दे. एका माणसाचं काम.

थोरलीला हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. कारण असा खोडा तिच्या गावातही होता. जनावरांच्या दवाखान्यापुढे, सुई टोचायला, लोखंडी नळ्यांचा. बाबा दर महिन्याला त्याच्या शेजारून जायचा. नव्हता तो फक्त पट्टा आणि रहाट.

तिनं आपला दोर काढला आणि मापं घ्यायला लागली. उंची, एक गाठ. रुंदी, एक गाठ. पट्टा जमिनीपासून किती, एक गाठ. म्हाताऱ्यानं दुसरं टोक धरलं. फोनवर तिनं बाबांना गाठी हातांच्या मापानं सांगितल्या, कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. बाबांनी आपल्या अर्ध्या दोराला तशाच गाठी मारल्या. दोघांच्या हातांच्या लांबीत फरक असतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यात सुतार पडला सहा फुटी, त्यानं लाकूड पुन्हा आपल्या हातानं मोजलं. खोडा झाला, बैल आत घातला. बैलानं चारी बाजूंना बघितलं, आतल्या आत सावकाश वळला आणि ज्या वाटेनं आला होता त्याच वाटेनं बाहेर तोंड काढून उभा राहिला. आईनं त्याचा फोटो पाठवला. थोरलीनं तो म्हाताऱ्याला दाखवला, म्हाताऱ्यानं मुलांना, आणि शेवटी रबरी बुटांतल्या बाईही बघायला आल्या. त्या बघताना हसल्या. थोरलीनं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

बाजूनं फळ्या मारून खोडा अरुंद करायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत आईनं डाव्या हातावर जोर देऊन आणखी दोन बैल पाडले. परतीचे कागद थोरलीच्या उशाखाली, दोराच्या शेजारी पडून होते. त्यावर फक्त सही राहिली होती.

शिक्षा संपायच्या दिवशी दुपारी फोन आला. प्रात्यक्षिकाला दोन तास होते. फोन आईच्या हातात होता, उजव्या हातात, कारण समोरचं चित्र नीट दिसत होतं. खोड्यात पांढरा बैल. पट्टा पोटाखाली ताठ. मागचा डावा पाय लाकडाला बांधलेला. त्याच्यामागे बुटक्या स्टुलावर बाबा.

 बाबांनी खूर तासला, पत्री लावून बघितली, काढली, जरा ठोकली, पुन्हा लावली. खिळे तोंडात धरले होते. बैलानं एकदा सगळं वजन टाकून पाहिलं, पट्टा करकरला आणि तसाच राहिला. बैलाला ते बरं वाटलं असावं, कारण तो रवंथ करायला लागला. थोरली भिंतीला टेकून उभी होती. सवयीनं तिचे हात आपोआप मुठी करून ओढत होते. एकदा तिनं ते पाहिलं आणि खिशात घातले. बाबांनी आठही पत्र्या मारल्या. मग रहाट सोडला, पुढची दांडी काढली, आणि बैल दगडावरून खटखट करत बाहेर गेला.

बाबा उठला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग फोनजवळ आला.

"एकट्यानं," तो म्हणाला.

"बघितलं."

"आता तू नाही आलीस तरी चालेल."

हेच ऐकायला तिनं दीड महिना शेड झाडली होती, गाठी मारल्या होत्या. आणि ऐकल्यावर तिला कुणीतरी घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं. अकरा वर्षं त्या अंगणातला प्रत्येक बैल तिनं पाडला होता. आता तिथे बैल पडणारच नव्हता.  डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तिनं फोन थोडा वर केला, तर बाबांना छत दिसलं.

"हे कसलं छत आहे?" त्यानं विचारलं. "पत्रा का?"

"बाबा."

"हं."

"तासणी गेली. इथं येतानाच. विमानतळावर काढून घेतली."

 आईनं काहीतरी हळू म्हटलं.

"तू त्यांच्या हातात दिलीस, की त्यांनी घेतली?" बाबांनी विचारलं.

"त्यांनी घेतली."

"मग ठीक," बाबा म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट वाटलेलं होतं, ते त्यानं लपवलं नाही. "दुसरी करेन. सावकाश ये, हंगाम संपल्यावर, सुट्टीला. हा खोडा बघून जा. आणि आज त्या घोडीकडे जाणार ना?"

"तीच असेल."

"मग देते का पाय, ते कळव. आम्ही जेवायचे थांबतो."

अंगणात तांबडी घोडीच बांधलेली होती. बाईंनी फक्त मान हलवली. मुलं भिंतीकडे सरकली, एकानं बादली उचलून लांब ठेवली. शेडच्या दारात म्हातारा येऊन उभा राहिला. थोरलीनं कमरेचा दोर सोडला आणि कुंपणाच्या नव्या फळीवर टांगला. घोडीनं दोराकडे पाहिलं, कान मागे केले.

थोरली तिच्या खांद्याशी गेली आणि उभी राहिली. थंडीत दोघींच्या तोंडातून वाफ येत होती. तिनं हात पाठीवर ठेवला, मांडीवर आणला, खाली घसरवत नेला. गुडघ्याजवळ खरचटल्याची खूण लागली, तिथे हात जरा थांबला. घोडी हलली नाही. पायही उचलेना. मागे कुणीतरी खाकरलं. थोरलीच्या मनात आलं की ओढावं, थोडंसंच. तिनं ओढलं नाही. ती अंगानं रेलली आणि वाट बघत राहिली. आयुष्यात कुठल्याही जनावराजवळ ती इतका वेळ काही न करता उभी राहिली नव्हती.

मग वजन सरकलं. खूर जमिनीवरून सुटला आणि तिच्या हातात आला. जड होता, गार होता, मध्ये चिखल भरला होता. तिनं तो गुडघ्यांत घेतला, बोटानं चिखल काढला, आणि आत काय झालंय ते बाईंना सांगितलं. बाई वाकून बघायला आल्या, त्यांच्यामागून एकेक करत मुलंही आली.

संध्याकाळी खोलीत गेल्यावर तिनं आधी उशाखालचे परतीचे कागद काढून खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत सारले. तिथून वारा येत होता. मग घरी एका शब्दाचा निरोप पाठवला.

"दिला."